प्रबंध जमा केला आणि तक्ता ४.३ मध्ये चूक सापडली (व्हायवा १९ दिवसांवर)

मुळाक्षर

नमस्कार मंडळी. कित्येक वर्षं इथे नुसती वाचतेय, लिहायला पहिल्यांदाच बसले आणि तेही रडगाणं घेऊन. सांभाळून घ्या.

पीएच.डी.चा प्रबंध जमा करून पाच आठवडे झाले. व्हायवाची, म्हणजे तोंडी परीक्षेची, तारीख आलीये, आजपासून १९ दिवस. काल रात्री म्हटलं, एकदा सलग वाचून काढू. पहिली तीन प्रकरणं बरी गेली. चौथ्यात तक्ता ४.३ पाशी आले आणि पोटात गोळाच आला.

विषय थोडक्यात सांगते. रोपांचं पाणी तोडलं की मुळांभोवतीचे जिवाणू बदलतात. ते कसे बदलतात आणि त्यांच्यामुळे रोपाला तग धरायला मदत होते का, हे बघितलंय. प्रत्येक गटात १६ कुंड्या. त्या तक्त्यात पानांमधल्या सापेक्ष जलांशाची (पूर्ण टवटवीत पानाच्या तुलनेत पाणी किती टक्के, त्याची) सरासरी दिलीये: ७१.४ ± २.१. खाली टीप, '± पुढील आकडा प्रमाण विचलनाचा'. तर तो विचलनाचा नाहीच! प्रमाण त्रुटीचा आहे, म्हणजे सरासरी किती डळमळीत आहे त्याचा. कुंड्याकुंड्यांमधला फरक सांगतं ते विचलन, आणि ते आहे ८.४. त्याला नमुन्यांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागलं की त्रुटी मिळते. १६ चं वर्गमूळ ४, त्यामुळे बरोब्बर चौपट. तक्ता तयार करताना प्रोग्रॅममध्ये शेजारचा रकाना उचलला गेला, आणि चार जणांनी वाचूनही कोणाच्या नजरेत आलं नाही.

एवढंच असतं तर एक वेळ गिळलं असतं. पण पान ११२ वर त्याच २.१ च्या जिवावर मी छातीठोकपणे लिहून ठेवलंय, 'कुंड्याकुंड्यांमधील फरक अत्यल्प होता.' अत्यल्प!

गाईड मॅडमना अजून सांगितलेलं नाही. आधीच कळवू, की परीक्षकांच्या लक्षात येतंय का ते बघू? आणि एकूणच तयारी कशी करतात हो? २४० पानं पाठ करायची असतात का? सध्या मी पान उघडते, घाबरते आणि मिटते, एवढंच चाललंय.

टाचणी

आधी मॅडमना सांग. हा प्रतिसाद पुरता वाचायच्याही आधी सांगितलंस तरी चालेल.

मग एकच गोष्ट तपास. तुझ्या सांख्यिकी चाचण्या मूळ आकड्यांवर चालवल्यास की तक्त्यातल्या सारांशावर? मूळ आकड्यांवर चालवल्या असतील तर निष्कर्ष जागच्या जागी आहेत आणि चूक फक्त टिपेतल्या शब्दाची. ('फक्त' म्हणतेय, पण पान ११२ ते 'फक्त' मान्य करणार नाही.) ती कुठे कुठे झिरपली ते शोध. आलेखातल्या उभ्या दांड्या, सारांश, प्रसिद्ध झालेला पेपर असेल तर तो. 'अत्यल्प' हा शब्द सगळ्या फाईलमध्ये शोधून बघ, आणखी एकदोन ठिकाणी सापडेल असा माझा कयास आहे.

सगळं एका पानावर लिही: कुठे काय छापलंय, काय हवं होतं, त्याने कुठला निष्कर्ष बदलतो आणि कुठला बदलत नाही. त्याच्या प्रती घेऊन जा.

मी परीक्षक म्हणून बसते तेव्हा ± दिसलं की आधी खाली गटात किती नमुने आहेत ते बघते. जिवंत रोपांच्या १६ कुंड्यांमध्ये विचलन २.१ इतकं कमी दिसलं तर पेन्सिल आपोआप उचलली जाते. तेव्हा लक्षात येणार नाही या भरवशावर राहू नकोस.

गंभीरविदूषक

एवढं काय त्यात? व्हायवा म्हणजे निकाल लागल्यावर घेतलेली परीक्षा. परीक्षक संदर्भसूचीत स्वतःचं नाव शोधतात, सापडलं की खूश. गप्प बसा, चार प्रश्नांची उत्तरं द्या, घरी जा. (दिवे घ्या, म्हणजे 'लाईटली' घ्या.)

टाचणी

विदूषक, दिवे घेतले. पण तुमच्या उजेडात कोणी पोरगी खड्ड्यात जाऊ नये म्हणून लिहिते: न सांगितलेली चूक परीक्षकाने काढली की पुढचा दीड तास तो बाकीचे तक्तेही त्याच नजरेने बघतो. स्वतःहून पुढे ठेवली की तीच चूक पाच मिनिटांत संपते.

खडूडस्टर

मुळाक्षर, अभिनंदन आधी. जमा केलात ना, मग अर्ध्याहून अधिक लढाई झाली. बाकीच्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, निवृत्त माणसाकडे वेळ असतो.

'व्हायवा व्हॉची' हा मूळ लॅटिन शब्दप्रयोग. अर्थ, जित्या आवाजाने. प्रबंध मुका असतो, त्याला प्रश्न विचारता येत नाही, म्हणून तुम्हाला बोलावतात. पाठांतराचा इथे काही संबंध नाही. प्रबंध समोर उघडा ठेवायला साधारणपणे परवानगी असते. खुणेच्या चिठ्ठ्या लावून न्या, पण मोजक्या. माझ्या एका विद्यार्थ्याने इतक्या रंगीत चिठ्ठ्या लावल्या होत्या की हवी ती सापडेपर्यंत परीक्षक पुढच्या प्रश्नावर गेले.

माझी पद्धत सांगतो. प्रबंध पहिल्या पानापासून वाचा, हातात पेन्सिल. प्रत्येक पानाच्या वरच्या कोपऱ्यात एकच ओळ, 'हे पान कशासाठी आहे'. जिथे ओळ सुचत नाही तिथे घोडं पेंड खातंय असं समजा, परीक्षकही तिथेच अडखळणार. दुसऱ्या वाचनात फक्त निर्णय शोधा. १६ च कुंड्या का? हीच जात का? पाणी दहा दिवस तोडलं, सात का नाही? उत्तर 'आधीच्या लोकांनी असंच केलंय' असेल तर ते उत्तर नाही. 'जागा तेवढीच होती' हे मात्र चक्क चालतं, जर त्यामुळे काय निसटलं हे सांगता आलं तर.

आणि रंगीत तालीम. आरशासमोर नव्हे, माणसांसमोर. एक तुमच्या विषयातला, एक अगदी बाहेरचा. बाहेरचा जास्त उपयोगी, कारण तो बाळबोध प्रश्न विचारतो आणि बाळबोध प्रश्नालाच आपली त त प प होते. 'तुम्ही नेमकं नवीन काय केलंत?' एवढंच विचारून बघा कोणाला. दोन मिनिटांत, 'म्हणजे बघा, तसं म्हटलं तर' न म्हणता, सांगता आलं पाहिजे.

परीक्षकांचे अलीकडचे पेपर चाळा. खुशामतीसाठी नाही, ते कुठल्या पद्धतीवर विश्वास ठेवतात हे कळावं म्हणून.

पाठकोरे

वाचतोय. मी दुसऱ्या वर्षात. माझी अडचण वेगळी आहे, उत्तर माहीत असतं पण कोणी रोखून बघितलं की शब्द फुटत नाही. सेमिनारमध्येही.

टाचणी

पाठकोरे, प्रश्न कागदावर लिहून घ्यायचा. खरोखर लिहायचा. कोणी हरकत घेत नाही आणि दहा-पंधरा सेकंद मिळतात. 'प्रश्न मी असा समजलोय, बरोबर ना?' असं विचारायचं. निम्म्या वेळा परीक्षक स्वतःच प्रश्न सोपा करून देतो.

चष्मेबद्दूर

भौतिकशास्त्रवाल्यांचा ठेवणीतला किस्सा टाकल्याशिवाय राहवत नाही.

१९२३, म्युनिक. वेर्नर हायझेनबर्ग, वय २१. प्रबंध द्रवाच्या खळबळत्या प्रवाहावर, गाईड आर्नोल्ड सॉमरफेल्ड. तोंडी परीक्षेला प्रायोगिक भौतिकीचे विल्हेल्म वीन बसलेले, १९११ चे नोबेल विजेते. पोराने प्रयोगशाळेचं काम अंग चोरून केलंय हा त्यांचा आधीपासूनचा राग. त्यांनी प्रकाशाच्या तरंगलांबी मोजणाऱ्या फॅब्री-पेरो उपकरणाची विभेदनक्षमता (किती बारीक फरक वेगळा दिसतो ते) विचारली. येईना. बरं, सूक्ष्मदर्शकाची? तीही नाही. बॅटरी कशी चालते? तेही नाही! वीन नापास करायच्या बेतात, सॉमरफेल्डांच्या मते पोरगा असामान्य. शेवटी कशीबशी तिसरी श्रेणी देऊन सुटका झाली.

मला आवडतो तो पुढचा भाग. चार वर्षांनी, १९२७ मध्ये, याच माणसाने अनिश्चितता तत्त्वाचा पेपर लिहिला. त्यात गॅमा किरणांच्या सूक्ष्मदर्शकाचा विचारप्रयोग आहे, आणि त्या सूक्ष्मदर्शकाच्या विवेचनात पुन्हा गफलत! नील्स बोरनी ती दाखवली. पेपर तोवर छपाईला गेलेला. हायझेनबर्गने प्रुफात पुरवणी जोडली, बोरचे मुद्दे नोंदवले, आभार मानले. १९३२ चं नोबेल त्याच्या नावावर आहे.

तेव्हा मुळाक्षर, एका पानाची पुरवणी जोडणाऱ्यांत तुम्ही एकट्या नाही आहात.

मुळाक्षर

चष्मेबद्दूर, हे छापून टेबलासमोर लावलंय.

मॅडमना सांगितलं. दोन मिनिटं काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, 'मी पण वाचलं होतं ते प्रकरण, दोनदा.' आणि हसल्या. चाचण्या मूळ आकड्यांवरच आहेत, काल रात्री सगळ्या पुन्हा चालवल्या, आकडे तेच आले. टाचणी, 'अत्यल्प' आणखी एके ठिकाणी सापडला, सारांशात. तुम्हाला कसं कळलं?

शुद्धीपत्र तयार करतेय. पण आता नवीनच भुंगा. विचलन खरंच ८.४ असेल, तर ते एवढं का आहे?

खडूडस्टर

शुद्धिपत्र. धि ऱ्हस्व. (राहवत नाही हो.)

टाचणी

आता तू परीक्षकासारखा विचार करायला लागलीस. पुढचा प्रश्न मीच विचारते: कुंड्या कुठे ठेवल्या होत्या?

हरितगृहात दाराजवळची कुंडी आणि पंख्याजवळची कुंडी यांचं हवामान वेगळं असतं. पाणी तोडलेल्या सगळ्या कुंड्या एका बाकावर आणि पाणी दिलेल्या दुसऱ्या बाकावर असतील, तर तू पाण्याचा फरक मोजलास की बाकाचा? हर्लबर्ट या परिसंस्था-अभ्यासकाने १९८४ मध्ये यावरच तो गाजलेला लेख लिहिला. १६ कुंड्या दिसतात, पण त्या एकाच बाकावर एकगठ्ठा असतील तर खरी पुनरावृत्ती एकच. छद्म-पुनरावृत्ती म्हणतात त्याला. पर्यावरण किंवा शेतीकडचा परीक्षक हे विचारल्याशिवाय राहणार नाही.

मुळाक्षर

नाही नाही, बाक वेगळे नव्हतेच! दोन्ही गट मिसळून ठेवले होते. आणि दर तिसऱ्या दिवशी जागा बदलायचो. कुंड्यांना क्रमांक, चिठ्ठ्या टाकायच्या, चिठ्ठीत येईल तिथे कुंडी. मी आणि प्रयोगशाळेतला मदतनीस, दोघं मिळून. त्याला ते इतकं कंटाळवाणं व्हायचं की शेवटी शेवटी तो चिठ्ठी उघडायच्या आधीच कुंडी उचलून उभा राहायचा. नोंदवहीत प्रत्येक तारखेचा आराखडा आहे, पेन्सिलीने चौकोन काढून.

...आणि आत्ता पद्धतींचं प्रकरण उघडून बघितलं. त्यात यातलं अक्षरही नाही. 'हे सगळेच करतात' म्हणून लिहिलंच नसणार मी.

खडूडस्टर

सापडलं तुमचं व्हायवा! हे असं, हाताने केलेलं आणि कागदावर न उतरलेलं, तेच ऐकायला परीक्षक बसलेले असतात. नोंदवही बरोबर न्या.

उंटावरूनशेळ्या

सगळे आपापल्या विद्यापीठाच्या चष्म्यातून लिहिताहेत म्हणून एक सूचना. नियमपुस्तिका काढून वाचा, मित्राचा अनुभव हा नियम नसतो. ब्रिटनमध्ये बहुतेक वेळा बंद दाराआड, एक अंतर्गत आणि एक बाहेरचा परीक्षक. दोघांनी आपापले प्राथमिक अहवाल आधीच लिहिलेले असतात. गाईड बसलेच तर गप्प बसतात. नेदरलँड्समध्ये उलट, समिती हस्तलिखिताला आधी मंजुरी देते, मग जाहीर समारंभ. वेळ संपली की दंडधारी आत येऊन 'होरा एस्ट' म्हणतो आणि तुमचं वाक्य अर्धं राहिलं तरी प्रश्नोत्तरं तिथेच थांबतात. स्वीडनमध्ये एक अधिकृत विरोधक सगळ्यांसमोर तुम्हाला प्रश्न विचारतो, समिती निकाल देते. ऑस्ट्रेलियात कित्येक वर्षं बहुतेक ठिकाणी तोंडी परीक्षाच नव्हती, बाहेरच्या परीक्षकांचे लेखी अहवाल आले की झालं.

म्हणजे विदूषकांचं म्हणणं काही ठिकाणी अर्धं खरं आहे. पण आपलं ठिकाण त्यांतलं आहे का, हे तारखेच्या आधी माहीत असावं.

गंभीरविदूषक

अर्धं का होईना. नोंद घेतली आहे.

मुळाक्षर

झालं! झालं झालं झालं.

काल झालं, पण काल लिहायचं त्राण नव्हतं. दोन तास दहा मिनिटं. जमेल तेवढं लिहिते, नंतर विसरेन.

आत गेले तर बाहेरच्या परीक्षकांच्या प्रतीतून एकच पिवळी चिठ्ठी डोकावत होती. मला वरून अंदाज येईना कुठल्या पानावर आहे, आणि पहिली काही मिनिटं माझं सगळं लक्ष त्या चिठ्ठीवर. 'दोन मिनिटांत सांगा' झालं, ते तालमीमुळे बरं गेलं. मग मी स्वतःहून म्हटलं, सुरू करण्याआधी एक दुरुस्ती द्यायची आहे, आणि शुद्धिपत्र (धि ऱ्हस्व!) पुढे सरकवलं. त्यांनी वाचलं. प्रबंध उघडला. पिवळी चिठ्ठी पान ११२ वरच होती. ती काढली, बोटावर गुंडाळली, बशीत टाकली. 'ठीक, मग आपण ८.४ बद्दल बोलू.'

आणि पहिला प्रश्न, शप्पथ सांगते: 'कुंड्या कुठे होत्या?'

नोंदवही उघडून पेन्सिलीचे चौकोन दाखवले. अंतर्गत परीक्षकांनी एका पानावर बोट ठेवून विचारलं, इथे खाडाखोड का? म्हटलं, चिठ्ठी उघडायच्या आधी कुंडी उचलली गेली होती, म्हणून पुन्हा चिठ्ठी टाकली. दोघंही हसले. त्यानंतर माझा आवाज नेहमीसारखा झाला.

अडकले ते भलत्याच ठिकाणी. पाचव्या प्रकरणात लिहिलंय की पाणी तोडल्यावर अमुक गटाचे जिवाणू 'वाढले'. त्यांनी विचारलं, वाढले की बाकीचे मेले? मला कळलंच नाही आधी. मग कळलं. मातीतल्या डीएनएच्या क्रमवाचनातून मिळतं ते प्रमाण, एकूण शंभरात किती. बाकीचे निम्मे झाले तर हे होते तेवढेच राहूनही टक्केवारीत 'वाढलेले' दिसणार. वर मेलेल्यांचा डीएनए मातीत काही काळ टिकतो, तो निराळाच. मी लिहून घेतला प्रश्न (टाचणी, जमलं!), पाणी प्यायले आणि म्हटलं, 'माझ्या आकड्यांवरून हे सांगता येणार नाही. डीएनएच्या एकूण प्रती वेगळ्या मोजायला हव्या होत्या, परिमाणात्मक पीसीआरने. तेवढी माती गोठवून ठेवलेली आहे. सध्या 'वाढले' च्या जागी 'प्रमाण वाढलं' असं लिहायला हवं.' ते म्हणाले, 'हेच दुरुस्त्यांमध्ये लिहा.'

बाहेर बसवलं. तिथली एक फरशी तिरकी बसवली आहे, ती मी सहा वर्षांत पहिल्यांदा बघितली. वीस मिनिटांनी आत बोलावलं. किरकोळ दुरुस्त्या, तीन महिने मुदत.

सगळ्यांचे किती आभार मानू!

खडूडस्टर

डॉक्टर मुळाक्षर! 'माझ्या आकड्यांवरून हे सांगता येणार नाही' या वाक्यासाठी वेगळे गुण असते तर मी सगळे दिले असते. अनेकांना ते वाक्य उच्चारायला अजून वीस वर्षं लागतात, काहींना निवृत्तीनंतरही जमत नाही.

टाचणी

बशीत टाकलेली चिठ्ठी! मी असते तर जपून ठेवली असती. अभिनंदन गं.

मुळाक्षर

आठवडा झाला. एक विचित्र गोष्ट विचारू का? सगळे अभिनंदन करताहेत आणि मला काहीच वाटत नाहीये. सकाळी उठते, दुरुस्त्यांची फाईल उघडते, एक स्वल्पविराम बदलते, बंद करते. शिष्यवृत्ती संपलीये. पुढे काय, हे सगळे विचारतात. तेच मलाही विचारायचंय, पण कोणाला विचारू?

अर्धविराम

मला विचार. पोस्टडॉक (पीएच.डी.नंतरची कराराची संशोधन-नोकरी), दुसरी जागा, तिसरा करार. सध्याचा अकरा महिन्यांचा आहे, त्यातले चार उरलेत.

ते रिकामपण येतंच. सहा वर्षं एका तारखेकडे बघत चाललेलो असतो, ती तारीख मागे पडली की मान कुठे वळवायची ते कळत नाही. मला दोनेक महिने लागले. तोवर अंगमेहनतीची, ज्यात डोकं लागत नाही अशी कामं करून टाक, कारण ती नंतर फार महाग पडतात.

पहिलं, विद्यापीठाचा ईमेल बंद व्हायची तारीख विचार. माझा एका शुक्रवारी बंद झाला आणि सोमवारी एका पेपरवरचे रिव्ह्यूअरांचे अभिप्राय त्यावर गेले. पाच आठवड्यांनी कळलं. सगळ्या जर्नलांच्या खात्यांवर खाजगी पत्ता टाक. ऑर्किड क्रमांक (संशोधकाचा कायमचा ओळख क्रमांक) नसेल तर आजच काढ, २०१२ पासून ती सोय आहे, फुकट आहे, आणि नाव-आडनाव बदललं तरी आपले पेपर आपल्याच नावावर जोडलेले राहतात. माझ्या बायकोचे लग्नाआधीचे दोन पेपर अजून दुसऱ्याच कोणाच्या तरी नावाखाली फिरताहेत.

दुसरं, तुझा डेटा. मूळ नोंदवही बहुधा प्रयोगशाळेची असते, ती तिथेच राहते. पण मॅडमच्या लेखी परवानगीने पानांचे फोटो, कच्चे आकडे आणि तो प्रोग्रॅम (चुकीच्या रकान्यासकट) यांची प्रत घे. गोठवलेल्या मातीवर तुझं नाव आणि तारीख न पुसणाऱ्या शाईने लिही. शीतपेटी साफ करायची लहर कोणाला कधी येईल सांगता येत नाही.

तिसरं जरा कडू आहे. माझ्या पहिल्या जागी डेटा मी गोळा केला, मसुदा मी लिहिला, आणि पेपर आला तेव्हा माझं नाव तिसरं. पहिलं ज्याचं होतं त्याने आकृत्यांचे रंग बदलले होते. भांडलो नाही, कारण शिफारसपत्र त्याच टेबलावरून यायचं होतं. आता नवीन काम सुरू होताना पहिल्याच बैठकीत विचारतो, लेखक कोण कोण, क्रम काय. जीव खाली-वर होतो, पण विचारतो. वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांच्या समितीचे लेखकपदाचे चार निकष आहेत: कामात भरीव वाटा, लिहिण्यात किंवा चिकित्सेत सहभाग, अंतिम मसुद्याला संमती आणि उत्तरदायित्व. चारही लागतात. शिवाय क्रेडिट म्हणून १४ भूमिकांची यादी आहे, पुष्कळ जर्नलं ती भरून घेतात. मी ती काम सुरू होतानाच भरतो. 'दृश्यांकन' ही भूमिका वेगळी आहे त्यात. रंगवाल्यांची सोय.

पाठकोरे

हे सगळं दुसऱ्या वर्षातच सांगायला हवं कोणीतरी. आमच्याकडे फक्त एच-इंडेक्स किती, एवढंच बोलतात.

चष्मेबद्दूर

एच-इंडेक्स २००५ मध्ये हर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने काढला. तुमचे दहा पेपर प्रत्येकी दहा किंवा जास्त वेळा उद्धृत झाले असतील तर तो १०. त्याच्या रचनेतच वय भिनलेलं आहे, तो कमी होऊच शकत नाही. चार पेपरवाल्याचा तो चारच्या वर जाणार नाही, मग त्यातला एक पेपर जग हलवणारा का असेना. नवख्याला त्याने मोजणं म्हणजे रोपाचं वय खोडाच्या घेरावरून काढणं. जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून (त्यातले लेख सरासरी किती वेळा उद्धृत होतात त्या आकड्यावरून) माणसाची किंमत करू नका, असं सॅन फ्रान्सिस्को जाहीरनामा २०१२ पासून सांगतोय. पुष्कळ संस्थांनी सही केली आहे. सही केलेल्या सगळ्याच निवड समित्यांना ते आठवतं असं मात्र नाही.

गंभीरविदूषक

आता माझी पाळी, आणि या वेळी दिवे घेऊ नका.

शिफारसपत्रासाठी 'द्याल का' असं विचारू नये. 'चांगलं पत्र देता येईल का' असं विचारावं. समोरचा घुटमळला तर आभार मानून दुसरं दार गाठावं. कोमट पत्र नसलेल्या पत्राहून वाईट. मी अशा एका पत्रावर दोन वर्षं काढली आहेत, पत्रात काय आहे हे माहीत नसताना. 'वक्तशीर आणि नम्र' एवढंच होतं त्यात, हे पुढे एका समिती-सदस्याने दयेपोटी सांगितलं. आता मी संशोधनात नाही. बरं चाललंय. बाहेर पडणं म्हणजे हरणं, असं प्रयोगशाळेत वाटतं, आणि ते दार ओलांडल्यावर चारेक महिन्यांत वाटेनासं होतं.

टाचणी

विदूषक, हे तुम्ही आधी का नाही लिहिलंत?

गंभीरविदूषक

कोणी विचारलं नव्हतं.

मुळाक्षर

धागा वर काढतेय. अकरा आठवड्यांनी दुरुस्त्या मंजूर झाल्या. एकदा परत आल्या होत्या, कारण पान ११२ दुरुस्त करताना मी ८.४ च्या जागी ४.८ लिहिलं. (हसू नका. बरं, हसा.) मॅडमनी पकडलं, या वेळी तिसऱ्या वाचनात.

ईमेल या महिनाअखेरीस बंद होतोय, सगळे पत्ते बदलले. माती शीतपेटीच्या खालच्या कप्प्यात, नाव-तारखेसकट. नोंदवहीचे फोटो काढताना मदतनीस शेजारी उभा होता, त्याला त्याची खाडाखोड दाखवली तर म्हणाला, 'ती माझी नाहीच, तुमची आहे.' अक्षर बघितलं. माझंच होतं.

दोन ठिकाणी अर्ज केलेत. एकीकडून मुलाखतीचं बोलावणं आलंय, पुढच्या गुरुवारी. त्यांनी लिहून पाठवलंय की दहा मिनिटं स्वतःच्या कामावर आणि पाच मिनिटं 'काय फसलं आणि तुम्ही काय केलंत' यावर बोलायचं. अर्धविराम, पाच मिनिटांत तक्ता ४.३ आणि 'वाढले' दोन्ही बसवू, की एकच?

अर्धविराम

एकच. 'वाढले' घे. त्यातून गोठवलेल्या मातीवर येता येतं, म्हणजे पुढच्या कामाची मागणी आपसूक होते. तक्ता त्यांनी विचारला तर सांग. आणि निघण्याआधी कराराची मुदत विचारून ये, माझ्यासारखं नंतर नको.